कारखान्याच्या दारावरचा कायदा : कामगार सूचनाफलकाचा इतिहास (थ्रेड)

१/१६
कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी एक फलक टांगलेला असतो. त्यावर कायद्याचा गोषवारा, पाळ्यांच्या वेळा आणि निरीक्षकाचे नाव व पत्ता असतो. रोज शेकडो माणसे त्याच्यासमोरून जातात, पण थांबून वाचणारा विरळा. हा फलक तिथे कसा आला आणि तो शिळा होऊ नये याची काळजी कायद्याने का घेतली, याचा हा इतिहास.

२/१६
आरंभ होतो इंग्लंडमध्ये, १८०२ साली. थोरले सर रॉबर्ट पील स्वतः गिरणीमालक होते. त्यांच्याच पुढाकाराने गिरण्यांतील उमेदवार मुलांसाठी कायदा झाला. मुलांचे काम दिवसाला १२ तासांपेक्षा अधिक नसावे, भिंतींना वर्षातून दोनदा चुना लावावा आणि या कायद्याची प्रत गिरणीत ठळक जागी लावावी, अशी त्याची कलमे होती. नियम केवळ संसदेच्या दप्तरात न राहता कामाच्या जागी दिसला पाहिजे, ही कल्पना तेव्हापासूनची.

३/१६
पण प्रत लावली की नाही, हे पाहणार कोण? १८०२ च्या कायद्याने हे काम स्थानिक न्यायाधीशांनी नेमलेल्या भेट देणाऱ्यांवर सोपवले होते. व्यवहारात ते जवळजवळ निष्फळ ठरले. पगारी कारखाना निरीक्षक आले ते १८३३ च्या कायद्याने, आणि तेही संपूर्ण देशासाठी अवघे चार.

४/१६
निरीक्षकांच्या लवकरच ध्यानात आले की खरी लबाडी घड्याळात आहे. सकाळी काटा पुढे आणि संध्याकाळी मागे केला की कामगाराचा अर्धा तास सहज हिरावता येतो. म्हणून १८४४ च्या कायद्याने सांगितले की कामाची वेळ सार्वजनिक घड्याळाप्रमाणे, उदाहरणार्थ जवळच्या रेल्वे स्थानकाच्या घड्याळाप्रमाणे, मोजावी. काम सुरू होण्याच्या, सुटण्याच्या आणि जेवणाच्या वेळा छापील, वाचता येईल अशा सूचनेने टांगाव्यात. आता निरीक्षकाच्या हाती फलक आणि घड्याळ अशी दोन मापे आली. दोहोंत तफावत दिसली की गुन्हा उघड झाला.

५/१६
मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढच्या पंचवीस वर्षांत शहराच्या आकाशात धुराड्यांची रांग उभी राहिली. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्यांनी कायद्याचा आग्रह धरला, १८७५ साली मुंबईत चौकशी आयोग बसला आणि १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा आला. ७ वर्षांखालील मुलांना कामावर बंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तासांची मर्यादा. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हते.

६/१६
हे मौन ज्यांनी मोडले त्यांत नारायण मेघाजी लोखंडे हे नाव अग्रभागी येते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. जून १८९० मध्ये गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले.

७/१६
विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गेली. कामाचा दिवस ताणला गेला. त्यानंतरचा इतिहास आकड्यांत पाहण्यासारखा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ साली दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४ तास. १९४६ च्या दुरुस्तीने ९ आणि ४८ तास.

८/१६
आता यातला प्रत्येक आकडा एखाद्या फलकावर आहे अशी कल्पना करावी. १९३४ च्या कायद्याचा अंमल सुरू झाल्यावरही एखाद्या कारखान्याच्या दारावर १९२२ चाच गोषवारा राहिला, तर तो वाचणारा कामगार ६० तासांचा आठवडा कायदेशीर समजून राबेल. त्याचे आठवड्याचे सहा तास बुडतील आणि ते बुडत आहेत याचा त्याला पत्ताही लागणार नाही. फलक नसेल तर माणूस निदान कोणाला तरी विचारतो. जुन्या फलकावर तो विश्वास ठेवतो.

९/१६
दुसरा प्रश्न भाषेचा. १९३४ च्या कायद्याने गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या देशी भाषेत लावण्यास सांगितले. मुंबईच्या गिरण्यांत ही भाषा बहुधा मराठी, कारण रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेले लोक संख्येने अधिक होते. परंतु विणाई खात्यात संयुक्त प्रांतातून आलेले जुलाहा विणकरही मोठ्या संख्येने होते. बहुसंख्येच्या नियमात त्यांची भाषा बसेलच असे नव्हते. शिवाय ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्यासाठी भिंतीवरचा मजकूर दुसऱ्या कोणी वाचून दाखवला तरच कायदा. अशा वेळी जॉबर सांगेल तोच नियम होऊन बसण्याचा धोका उघड होता.

१०/१६
हा धोका सर्वांत बोचरा होता तो दंडाच्या बाबतीत. उशीर झाला, सूत तुटले, कापडावर डाग पडला की पगारातून कपात. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वसूल करण्याची रीतही मुंबईत होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने येथे फलकाला हत्यार बनवले. कोणत्या कृत्यांना दंड होईल याची यादी आधी मंजूर करून घेऊन सूचनेद्वारे लावलेली असली पाहिजे. यादीत नसलेल्या कृत्याला दंड नाही. आणि दंडाची कमाल मर्यादा रुपयामागे अर्धा आणा.

११/१६
दंडाइतकाच वादाचा विषय म्हणजे शिस्तीचे नियम. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिच्यापुढे कामगारांच्या १७ मागण्यांबरोबर मालकांनी सुचवलेल्या ‘स्थायी आदेशां’चा मसुदाही होता. रजा, हजेरी, कामावरून काढण्याची नोटीस हे सारे त्यात येत होते. मालकाने भिंतीवर लावलेला नियम म्हणजे त्याची मर्जी, की दोन्ही पक्षांवर बंधनकारक करार? वाद या मुद्द्याशी येऊन ठेपला होता.

१२/१६
१९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने स्थायी आदेश सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेण्याची पद्धत आणली. याच कायद्याने संपाच्या हक्काला जाचक अटी घातल्या, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार नेते ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एकत्र संपात उतरले. नियम लेखी असावेत, पण त्यांच्या आडून हक्क जाऊ नयेत, असा हा पेच होता.

१३/१६
एप्रिल १९४६ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, स्थायी आदेशांचा अखिल भारतीय कायदा झाला. त्याचे कलम ९ वाचण्यासारखे आहे. प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, खास फलकांवर लावावेत. कुठे? ज्या दारातून बहुसंख्य कामगार आत येतात त्या दाराशी, आणि शिवाय प्रत्येक खात्यात. साहेबांच्या कचेरीतल्या भिंतीवर नियम लटकवून मोकळे होण्याची वाट कायद्याने बंद केली.

१४/१६
१९४८ चा कारखाना कायदा आणखी पुढे गेला. कलम १०८ नुसार फलक ठळक व सोयीच्या जागी हवा असे, आणि तो स्वच्छ व वाचता येईल अशा स्थितीत राखावाही लागे. कलम ६१ नुसार पाळ्यांच्या वेळांत बदल करायचा तर आधी निरीक्षकाला दोन प्रतींत कळवावे लागे. निरीक्षकाची पूर्वसंमती नसेल, तर एका बदलानंतर आठवडा उलटल्याशिवाय दुसरा बदल करता येत नसे. कलम ६३ सर्वांत कडक होते : फलकावरील वेळेबाहेर प्रौढ कामगाराकडून काम घेता येत नसे. टांगलेला कागद खुद्द मालकालाच बांधत असे.

१५/१६
पुढे फलकांची संख्या वाढत गेली. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आपला गोषवारा महिला काम करतात तिथे लावायला सांगत असे. २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणे नियोक्त्याचे कर्तव्य मानतो. समितीची मुदत संपून नवे सदस्य आले आणि भिंतीवर जुनीच नावे राहिली, तर तक्रार घेऊन आलेली स्त्री चुकीच्या दारावर थाप मारते.

१६/१६
२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी ४ संहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम ५० मध्ये पुन्हा तोच फलक आहे : संहितेचा गोषवारा, प्रवर्गनिहाय वेतनदर, पगाराचा दिवस व वेळ, आणि निरीक्षकाचे नाव व पत्ता. ‘निरीक्षक’ हा शब्द तेवढा बदलून ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे. म्हणजे देशभरातील असंख्य भिंतींवरचा मजकूर एका दिवसात जुना झाला. त्यांतला कोणता उतरवला गेला आणि कोणता पिवळा पडत तसाच राहिला, हे कारखान्याच्या दाराशी क्षणभर थांबून कोणालाही पाहता येईल. कायद्याचे नाव आणि साल फलकाच्या माथ्यावरच छापलेले असते.

(थ्रेड समाप्त)