दुसऱ्यांदा लागलेले चिरे

माझे बाबा गवंडी होते. पणजीत माळा भागात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या दारी चिऱ्यांनी बांधलेली विहीर. मी दुसरी-तिसरीत असेन. बाबांनी एकदा माझं बोट धरून विहिरीच्या कठड्यातल्या एका चिऱ्यावर फिरवलं. तांबड्या, भोकाभोकांच्या चिऱ्याच्या उघड्या अंगाला चुन्याचा थर चिकटलेला होता. घट्ट, नखाने न सुटणारा, आत शिंपल्यांचे बारीक कण.

"सांग, इथे चुना कसा?"

मला सांगता येईना. चुना असतो तो सांध्यात, दोन चिऱ्यांच्या मधे. बाहेरच्या अंगाला त्याचं काम नाही.

"हा चिरा आधी दुसरीकडे लागलेला," बाबा म्हणाले. "कुणाची तरी भिंत मोडून आणलाय. नवीन जागी लावताना चुन्याचं तोंड आत घालायचं असतं. ज्याने लावला त्याला घाई होती."

त्या दिवसापासून मी पणजी अशीच बघत आले आहे. लोक येतात, चर्चच्या पांढऱ्या जिन्यावर फोटो काढतात, फोन्ताइन्हासच्या रंगीत गल्ल्यांतून हिंडतात, मांडवीकाठचा आदिलशाही वाडा बाहेरून बघतात. मग दुसऱ्या दिवशी वेगळी गाडी करून जुने गोवे. मला हे पटत नाही. पणजी आणि जुने गोवे ही दोन ठिकाणं वेगवेगळी बघायची नाहीतच. एक शहर उसवून दुसरं शिवलंय, आणि शिवण अजून दिसते.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून घेतलेलं शहर ते जुने गोवे. पुढे अडीचशे वर्षं व्हाइसरॉय तिथे किंवा जवळपासच राहिले. पण जमीन जांभ्याची. चिरा पाणी धरत नाही, झिरपू देतो. भरगच्च वस्तीची घाण जमिनीतून विहिरींत उतरली. १५४३, १५७०, १६३५ अशा साथी येत गेल्या आणि माणसं घरं सोडून जाऊ लागली. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी शहरासमोरचं जुवें बेट घेतलं, तेव्हा राज्यकर्त्यांची झोपच उडाली. राजधानी मुरगावला न्यायचं ठरलं. जुन्या शहरातल्या इमारती पाडून त्यांचं सामान तिकडे न्यायचे हुकूम निघाले. मुरगाव काही राजधानी झालं नाही, पण पाडापाडी झाली ती झालीच. शेवटी १७५९ मध्ये व्हाइसरॉयने बस्तान हलवलं ते पणजीत, नदीकाठच्या वाड्यात. कागदोपत्री पणजीला राजधानीचा मान मिळाला १८४३ मध्ये, 'नोव्हा गोवा' या नावाने.

तेव्हाची पणजी म्हणजे दलदल, माडांची भाटं, चार घरं. शहर उभं करायला दगड हवा होता, आणि तयार घडवलेला दगड दहा किलोमीटरवर पडून होता. १८२० मध्ये जुन्या गोव्यातला आदिलशाहीचा मोठा राजवाडा पाडला तो याचसाठी. पणजीतल्या इमारतींना सामान हवं म्हणून. आज तिथे कायतान चर्चच्या बाजूला फक्त एक दरवाजा उभा आहे, काळ्या दगडाचा. त्याच्या चौकटीवरचं कोरीवकाम बघितलं की कळतं, हा दगड राजवाड्याच्याही आधी कुठल्यातरी देवळात असणार. म्हणजे तोही दुसऱ्यांदा लागलेला.

दोन्ही शहरांना जोडणारा रस्ताही बघण्यासारखा आहे. रायबंदर ते पणजी, मिठागरं आणि खाजणातून गेलेला तीनेक किलोमीटरचा बांध. व्हाइसरॉय कोंदे द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ मध्ये बांधलेला. आजही त्यावरून बस जातात. सामान नदीतून होड्यांनीही येत असेल, पण हा बांध नसता तर दलदलीतल्या त्या गावाला राजधानी व्हायला आणखी किती वर्षं लागली असती!

नुसते चिरेच आले असंही नाही. पणजी चर्चच्या माथ्यावरची घंटा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठाची. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहापाशी गेली आणि १८७१ मध्ये इथे आली. तिच्यासाठी चर्चच्या दर्शनी भिंतीवर नवा मनोरा चढवावा लागला. गोव्यात से कॅथीड्रलच्या 'सोन्याची घंटा' म्हणतात त्या घंटेखालोखाल हीच मोठी. लहानपणी तिच्या नादावर आमच्या घरी संध्याकाळचा दिवा लागायचा. आई तुळशीपाशी, आणि नाद ऑगस्टीनच्या घंटेचा.

आझाद मैदानातला मंडप १८४७ चा, अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी बांधलेला. त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चमधले. मुक्तीनंतर उलटी वाहतूक झाली: पणजीतला अल्बुकर्क जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला. मंडपात आता स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. ते वारले मुंबईत, १९५८ मध्ये, गोवा मुक्त झालेला न बघताच. त्यांचे अवशेष मुंबईहून इथे आणले. त्या खांबांना याहून चांगलं ओझं मिळालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

पण सगळ्यांत जड वस्तू आहे ती फोन्ताइन्हासमधल्या सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलात. लाकडी क्रूस. हा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्यासमोर तो असे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं तेव्हा तो पणजीच्या वाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलात. इतर ठिकाणी बहुधा क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. याचे डोळे सताड उघडे, मान ताठ. माझी शाळेतली मैत्रीण त्याच गल्लीतली. तिच्याबरोबर मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला फक्त भीती वाटली होती. पुढे माहिती कळल्यावर पुन्हा गेले, एकटी. त्या डोळ्यांपुढे जी माणसं उभी राहिली त्यांत माझ्या बोलीची, माझ्या आडनावाची माणसं होती. आणि आता तिथे बायका मेणबत्ती लावतात, मुलाच्या परीक्षेसाठी काही मागतात. वस्तू तीच. जागा बदलली की तिचं कामही बदलतं, हे मला बाबांच्या धंद्यामुळे ठाऊक होतं. इथे मात्र ते पचवायला मला वेळ लागला.

जुने गोवे साथींनी मोडलं, असं पुस्तकांत लिहितात. ते खरंच आहे. पण चिरा आपोआप सुटत नाही. तो पहारीने सोडवावा लागतो, चुना तासावा लागतो, दोघांनी उचलून होडीत ठेवावा लागतो. ते हात आमच्याच लोकांचे होते, गवंड्यांचे, भारेकऱ्यांचे. त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

माळ्यावरचं आमचं घर तीन वर्षांपूर्वी पाडलं. विहीर बुजवायची ठरली तेव्हा मी सकाळपासून जाऊन उभी राहिले. कठड्याचे चिरे चांगले निघाले, तर ठेकेदाराने ते टेंपोत भरून ताळगावच्या एका बांधकामावर कुंपणाला नेले. मीही मागोमाग गेले. मिस्त्री कर्नाटकातला तरुण मुलगा होता. बाबांनी दाखवलेला तो चिरा मी ओळखून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, चुन्यावर थापीचं टोक टकटक आपटलं, आणि काही न विचारता ते तोंड आतल्या बाजूला घालून बसवला.