नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत

नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत ही महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील तिबेटी निर्वासितांची शेतीप्रधान वसाहत आहे. ती गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळील प्रतापगड परिसरात वसलेली आहे. तिची स्थापना १९७२ साली झाली. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तरीही तिबेटी समाजात आणि निर्वासित प्रशासनाच्या व्यवहारात ही वसाहत आजही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते. स्थानिक लोक तिला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. महाराष्ट्रातील ही एकमेव तिबेटी शेतीवसाहत होय.

नाव

‘नोर’ या तिबेटी शब्दाचा अर्थ धन किंवा संपत्ती असा आहे. ‘लिंग’ म्हणजे स्थान किंवा द्वीप. या शब्दाचा संस्कृत ‘लिंग’ शब्दाशी संबंध नाही. भारतातील अनेक तिबेटी वसाहतींच्या नावांच्या शेवटी हाच शब्द येतो. उदाहरणार्थ, छत्तीसगढमधील मैनपाट येथील फेंडेलिंग आणि ओडिशातील चंद्रगिरी येथील फुंत्सोकलिंग. वसाहतीलगतचे प्रतापगड हे सातारा जिल्ह्यातील प्रसिद्ध किल्ल्याहून वेगळे ठिकाण आहे.

भौगोलिक परिसर

वसाहतीचा परिसर वैनगंगेच्या खोऱ्यात येतो. गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. नवेगावबांध येथील जुना विस्तीर्ण तलाव आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यानाचे जंगलही याच तालुक्यात आहे. जंगल, टेकड्या, तलाव आणि त्यांच्यामधून पसरलेल्या धानाच्या बांध्या असे या प्रदेशाचे रूप आहे.

भंडारा-गोंदिया हा स्थलांतरित शेतकऱ्यांचा जुना प्रदेश आहे. येथील असंख्य तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. पोवार समाज माळव्यातून या भागात आल्याचे मानले जाते. विसाव्या शतकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनाही याच तालुक्यात जमिनी देण्यात आल्या. अरुणनगर, गौरनगर ही त्यांची गावे. दूरवरून येऊन येथे धान पिकविणाऱ्यांच्या या मालिकेत तिबेटी हे अलीकडच्या काळातील एक समूह होत.

पार्श्वभूमी

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथे चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. चौदावे दलाई लामा १७ मार्चच्या रात्री ल्हासाहून निघाले व ३१ मार्च रोजी भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० तिबेटी लोक भारत, नेपाळ व भूतानमध्ये आले. आसाममधील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथील छावण्यांमध्ये त्यांची प्रथम सोय करण्यात आली. उष्ण व दमट हवा न मानवल्याने आणि क्षयासारख्या रोगांनी तेथे अनेकांचा मृत्यू झाला. पुष्कळ निर्वासितांना हिमालयीन भागात रस्तेबांधणीचे काम देण्यात आले.

हा समाज विखुरला जाऊ नये, त्याची भाषा व धर्म टिकावा, यासाठी त्याला एकत्रित वसाहतींमध्ये शेतजमीन द्यावी, असे धोरण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी स्वीकारले आणि राज्य सरकारांना जमिनीसाठी विचारणा केली. तत्कालीन म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे येथे १९६० साली पहिली शेतीवसाहत उभी राहिली. पुढे मध्य प्रदेश, ओडिशा आणि कर्नाटकात इतर वसाहती झाल्या. याच क्रमात १९७२ मध्ये महाराष्ट्रात नोर्ग्येलिंगची स्थापना झाली.

शेती आणि उपजीविका

तिबेटच्या पठारावरील शेती आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील शेती यांत फार मोठे अंतर आहे. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील मुख्य पीक जव होय. भाजलेल्या जवाचे पीठ, म्हणजे त्साम्पा, हे तिबेटी माणसाचे रोजचे अन्न. महाराष्ट्रातील सातूच्या पिठाशी त्याचे साम्य आहे. त्याच्या जोडीला याक व मेंढ्या यांचे पालन असे. पूर्व विदर्भात मात्र उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि शेतीचे वर्ष पावसावर व धानावर चालते. जून महिन्यात पऱ्हे टाकणे, पाऊस स्थिरावल्यावर चिखलणी व रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि त्यानंतर मळणी, असा येथील क्रम आहे. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावण्याचे काम पठारावरून आलेल्या पहिल्या पिढीला मुळापासून शिकावे लागणार होते.

शेतीच्या उत्पन्नावर वर्षभराचा खर्च भागत नसल्यामुळे भारतातील बहुतेक तिबेटी शेतीवसाहतींप्रमाणे येथेही हिवाळ्यातील लोकरी कपड्यांचा व्यापार महत्त्वाचा ठरला. हे व्यापारी प्रामुख्याने लुधियाना येथून स्वेटर, शाली व जाकिटे घेतात, अनेकदा उधारीवर, आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत निरनिराळ्या शहरांमध्ये विकतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत हिवाळ्यात भरणारा ‘तिबेटी बाजार’ हा या व्यवसायाचाच भाग आहे. धानाची कापणी आणि स्वेटरचा हंगाम एकाच वेळी येतो. त्यामुळे कुटुंबातील काही जण शहरात व काही जण शेतावर अशी विभागणी करावी लागते, किंवा शेतीच्या कामासाठी आसपासच्या गावांतील मजुरांवर अवलंबून राहावे लागते.

धार्मिक जीवन

वसाहतीतील लोक तिबेटी बौद्ध परंपरेचे अनुयायी आहेत. ही परंपरा महायान पंथाची असून तिच्यात वज्रयान साधनेचा समावेश होतो. न्यिंगमा, काग्यू, साक्य आणि गेलुग हे तिचे चार प्रमुख संप्रदाय आहेत. बुद्ध, धम्म आणि संघ या तीन रत्नांना शरण जाणे हा सर्व बौद्धांप्रमाणे तिबेटी उपासकाच्याही श्रद्धेचा पाया आहे; तिबेटी परंपरेत त्याआधी गुरूला, म्हणजे लामाला, शरण जाण्याची पद्धत आहे. दलाई लामा यांना करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचे मनुष्यरूप मानले जाते.

तिबेटी घरात पूजेची जागा असते. तेथे सकाळी पाण्याच्या सात वाट्या भरून ठेवतात व संध्याकाळी रिकाम्या करतात; सणासुदीला लोण्याचे दिवे लावतात. वृद्ध मंडळी १०८ मण्यांच्या माळेवर किंवा हातातील मणिचक्र फिरवीत अवलोकितेश्वराच्या षडाक्षरी मंत्राचा जप करतात. विहार, स्तूप यांना उजवी घालून प्रदक्षिणा करणे, याला ‘कोरा’ म्हणतात. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या व पिवळ्या रंगांच्या प्रार्थनापताका ही तिबेटी वस्तीची दुरून पटणारी ओळख होय.

फेब्रुवारी किंवा मार्च महिन्यात येणारा लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, हा सर्वांत मोठा सण आहे. स्वेटरविक्रीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे तोवर परतलेली असतात. तिबेटी पंचांगाच्या चौथ्या महिन्यात, सागा दावामध्ये, बुद्धाचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण यांचे स्मरण केले जाते. या महिन्यात अनेक जण मांसाहार वर्ज्य करतात. ६ जुलै हा दलाई लामांचा जन्मदिवस आणि १० मार्च हा उठावाचा स्मृतिदिन हेही तिबेटी वसाहतींमध्ये पाळले जातात.

अहिंसा आणि शेती

पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्या न करण्याचे आहे. नांगर चालविताना कीटक मरतात, कीडनाशक फवारले तर हेतुपुरस्सर मारले जातात. ही अडचण बौद्ध परंपरेला जुनीच आहे. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूने जमीन खणणे वर्ज्य आहे. शेती करणाऱ्या उपासकाला मात्र हा मार्ग खुला नाही. तिबेटी परंपरेत कर्माचे मोजमाप प्रामुख्याने हेतूवरून होते. त्यामुळे नकळत झालेल्या हिंसेबद्दल प्रायश्चित्ताची प्रार्थना करणे, पुण्य सर्व प्राणिमात्रांना अर्पण करणे आणि कत्तलीसाठी नेलेले जनावर विकत घेऊन त्याला जीवदान देणे (त्सेथार) असे मार्ग सांगितले गेले आहेत.

रासायनिक खते व कीडनाशके यांचा वापर वाढल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून केंद्रीय तिबेटी प्रशासनाने वसाहतींमध्ये सेंद्रिय शेतीचा पुरस्कार केला. त्यामागे जमिनीचा पोत आणि उत्पादनखर्च यांच्याइतकाच अहिंसेचा विचारही होता.

विदर्भातील बौद्ध परंपरा

भंडारा जिल्ह्यात बौद्ध धर्माचा इतिहास प्राचीन आहे. वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मोठ्या स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख असलेले शिल्पांकित स्तंभ मिळाले. रामटेकजवळील एका टेकडीला नागार्जुनाचे नाव आहे, आणि माध्यमिक तत्त्वज्ञानाचा हा आचार्य विदर्भाशी निगडित असल्याची परंपरा आहे. त्याचा ‘मूलमध्यमककारिका’ हा ग्रंथ तिबेटी विहारांतील अध्ययनाचा आधारस्तंभ आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यापूर्वी १९५४ मध्ये त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. परिसरातील आंबेडकरी बौद्ध समाज आणि तिबेटी समाज यांच्यात बुद्धवंदना, त्रिशरण व पंचशील हा समान भाग आहे. पुनर्जन्म आणि कर्म यांविषयीच्या धारणांत मात्र मोठा फरक आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आंबेडकरांनी त्यांचा परंपरागत अर्थ नाकारला, तर तिबेटी परंपरेत अवतारी लामांची संस्थाच पुनर्जन्मावर उभी आहे.

प्रतापगड हे इतर धर्मीयांचेही श्रद्धास्थान आहे. तेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, तसेच ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे.

प्रशासन व कायदेशीर स्थिती

तिबेटी वसाहतींचा दैनंदिन कारभार धर्मशाला येथील केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या गृह विभागाने नेमलेला वसाहत अधिकारी पाहतो. जमिनीची मालकी शासनाकडे असते. कसणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग करता येतो. परंतु ती विकता येत नाही. २०१४ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या तिबेटी पुनर्वसन धोरणात वसाहतींच्या जमिनींसाठी २० वर्षांचा भाडेपट्टा करण्याची आणि शासकीय कल्याणयोजनांचा लाभ देण्याची सूचना राज्यांना करण्यात आली.

भारतीय कायद्यानुसार तिबेटी निर्वासित परदेशी नागरिक ठरतात व त्यांना नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. तथापि नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात आणि पुन्हा २०१६ मध्ये हे तत्त्व तिबेटींना लागू असल्याचे मान्य केले. नोर्ग्येलिंगमध्ये १९७२ ते १९८७ या काळात जन्मलेली पिढी या तरतुदीत बसते. तरीही नागरिकत्व घेणे हा केवळ कागदपत्रांचा प्रश्न नाही. निर्वासित राहणे म्हणजे तिबेटवरील हक्क न सोडणे, अशी अनेकांची भावना आहे. दुसरीकडे प्रवास, शिक्षण, कर्ज आणि नोकरी यांसाठी नागरिकत्वाची गरज भासते. वसाहतीतील घर व शेत निर्वासित म्हणूनच मिळालेले असल्याने हा निर्णय अधिक कठीण होतो.

इतर स्थलांतरित शेतकऱ्यांशी तुलना

धर्म सोबत घेऊन नव्या भूमीवर शेती करणाऱ्या समाजांचे एक परिचित उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेले नॉर्वेजियन शेतकरी. त्यांचा पहिला संघटित गट १८२५ साली स्टाव्हांगर येथून ‘रेस्टाउराशन’ या जहाजाने निघाला. त्यात क्वेकर पंथीय तसेच हान्स नील्सेन हाउगे या धर्मप्रबोधकाच्या विचारांचे लोक होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन पाच वर्षे वहिवाटणाऱ्याला तिची मालकी मिळू लागली. मात्र त्यासाठी तो अमेरिकेचा नागरिक असणे किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर करणे आवश्यक होते. नॉर्वेजियन शेतकऱ्याने परतण्याची वाट न ठेवता जमीन व नागरिकत्व स्वीकारले आणि ल्यूथरन चर्चभोवती आपला समाज बांधला. नोर्ग्येलिंगच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जमीन आली ती मालकीविना, आणि वसाहतीची कल्पनाच मुळी परतीच्या आशेवर रचलेली होती. धर्मस्थळाभोवती समाज एकत्र ठेवणे मात्र दोघांत समान आहे.

सद्यःस्थिती

भारतातील इतर तिबेटी वसाहतींप्रमाणे येथेही तरुण पिढीचे शहरांकडे व परदेशांत स्थलांतर ही प्रमुख समस्या आहे. शेतीत काम करणारे हात कमी होत आहेत आणि वसाहतीत वृद्धांचे प्रमाण वाढत आहे. तिबेट पाहिलेली पिढी कमी होत चालली असून आजच्या बहुसंख्य रहिवाशांचा जन्म भारतातच झालेला आहे. नवेगावबांध व इटियाडोह येथे येणारे पर्यटक वसाहतीला आणि तेथील बौद्ध विहाराला भेट देतात.

हेही पाहा

अर्जुनी मोरगाव तालुका
नवेगाव राष्ट्रीय उद्यान
इटियाडोह धरण
पवनी
तिबेटी बौद्ध धर्म
भारतातील तिबेटी निर्वासित