लंडनचे कबूतरबाज आणि डार्विन

1855 साली चार्ल्स डार्विनने केंटमधल्या आपल्या घरी कबुतरे पाळायला सुरुवात केली. लंडनमधल्या दोन कबूतरबाज क्लबांचा तो सभासद झाला. मद्रासहून वॉल्टर इलियटने त्याला कबुतरांची कातडी पाठवली.

लक्का, लोटन अशा कबुतरांच्या जातींचे मूळ पूर्वज वेगवेगळे, अशी शौकिनांची ठाम समजूत. डार्विनने निरनिराळ्या जातींचा संकर केला, आणि नातवंडांच्या पिढीत पंखांवर दोन काळे पट्टे असलेला निळसर पक्षी निघाला. थेट रानपारवाच! म्हणजे साऱ्या जातींचा पूर्वज एकच. माणूस जोड्या निवडून एवढा फरक पाडतो. निसर्गात ती निवड जगण्याची झुंज करते. जो तगतो, त्याची वीण वाढते.

1859 मध्ये डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाचे हस्तलिखित वाचून व्हिटवेल एल्विन या संपादकाने सुचवले, की फक्त कबुतरांवरच लिहावे. सल्ला तसा व्यवहारीच होता. डार्विनने तो मानला नाही. तरी पहिल्या प्रकरणात कबुतरांनी ऐसपैस जागा अडवलीच.