पहिली सांडशी कोणी घडविली?

तापलेले लोखंड धरावयास लोहाराला सांडशी लागते, आणि सांडशी घडवावयासही सांडशीच लागते. मग पहिली सांडशी कोणी घडविली असेल? संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न एकदा खरोखरच उभा राहिला होता. ती हकीकत मला मोठी उद्बोधक वाटते.

माणसाला सोयीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात. त्याचा पूर्वार्ध वाचकाचे काम करतो. शब्द ओळखणे, व्याकरण तपासणे, अर्थ लावणे हे त्याच्याकडे. उत्तरार्ध यंत्राच्या आज्ञा लिहितो. पण हा कंपायलर तरी कोणत्या भाषेत लिहावा?

झुरिचच्या तंत्रविद्यापीठात निक्लाउस विर्थ यांच्यापुढे १९६९ साली हाच पेच होता. त्यांनी ‘पास्कल’ नावाची नवी भाषा योजिली होती. विद्यापीठातील कंट्रोल डेटा यंत्रावर फोर्ट्रान ही १९५७ सालापासून रुळलेली भाषा हाताशी होती. तेव्हा कंपायलर आधी फोर्ट्रानमध्ये लिहावा, मागाहून पास्कलमध्ये उतरवावा, असे ठरले. बेत व्यवहारी होता, पण फसला.

का फसला, हे पाहण्यासारखे आहे. वाक्यात उपवाक्य आणि उपवाक्याच्या पोटात आणखी एक उपवाक्य, तशी प्रोग्रॅमच्या भाषेतही कंसात कंसांची गुंफण असते. ती वाचणाऱ्याला स्वतःलाच पुन्हा हाक मारता आली पाहिजे, निरनिराळ्या जातींची माहिती एका गाठोड्यात बांधता आली पाहिजे. त्या काळच्या फोर्ट्रानपाशी अशी सोय नव्हती. तिच्याजवळ होत्या केवळ आकड्यांच्या रांगा. साहजिकच सारी रचना वेडीवाकडी झाली आणि फोर्ट्रानला जखडली गेली. ही गंभीर चूक होती, असे विर्थ यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे.

दुसऱ्या खेपेस त्यांनी धाडस केले. कंपायलर पास्कलमध्येच लिहिला. म्हणजे जी भाषा जगातल्या एकाही यंत्राला कळत नव्हती, तीत! मग एका सहकाऱ्याला दोन आठवडे घरी बसवून तो सारा मजकूर यंत्राजवळच्या एका साध्या भाषेत हाताने उतरवून घेतला. त्या ओबडधोबड सांडशीने खरी सांडशी धरली. १९७० च्या मध्यास कंपायलर चालू लागला, आणि पुढे तो स्वतःचेच भाषांतर करू लागला.

यानंतर झुरिचमध्ये आणखी एक युक्ती निघाली. कंपायलरने एका काल्पनिक यंत्रासाठी आज्ञा लिहाव्यात. मग ज्याला हवे त्याने आपल्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल तेवढी उभारावी. या ‘पास्कल-पी’च्या कर्त्यांमध्ये केशव नोरी हे भारतीय होते, पुढे पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. या युक्तीच्या पाठीवर बसूनच पास्कल देशोदेशीच्या लहान यंत्रांपर्यंत पोहोचली.

आज अशा कामासाठी साधनांची रेलचेल आहे. तरी निवडीचा पेच सुटलेला नाही. हाताशी आहे म्हणून घेतलेले साधन पहिल्या दिवशी श्रम वाचविते खरे, परंतु घडणाऱ्या वस्तूवर आपला आकारही लादते. म्हणून साधन निवडताना आपल्याला ते किती सवयीचे आहे, यापेक्षा कामाची घडण त्यात मावते की नाही, हे आधी पाहावे. मावत नसेल, तर दोन आठवडे हाताने खपणेच अखेरीस स्वस्त पडते.