युद्धकाळाच्या शांत वाटा

युद्धाची स्थळे म्हटली म्हणजे मनापुढे बुरूज, तोफा आणि विजयस्तंभ उभे राहतात. १९३९ ते १९४५ या काळातील महायुद्धाच्या खुणा ज्यास पाहावयाच्या असतील, तो नॉर्मंडीचा किनारा गाठतो, किंवा आपल्याच देशात कोहिमाच्या टेकडीवर जातो. वर्धा जिल्ह्याकडे अशा हेतूने कोणी वळत नाही. या जिल्ह्यात त्या युद्धाचा खंदक नाही, की शत्रूच्या गोळ्याने पडलेली भिंत नाही. परंतु परतंत्र देशाने आपल्या संमतीवाचून लादलेल्या युद्धात कोणत्या नात्याने उभे राहावे, हा प्रश्न ज्या भूमीवर अत्यंत कसोशीने विचारला गेला, ती भूमी हीच होय.

ही भूमी पाहावयास सायकलीसारखे दुसरे वाहन नाही. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर गावाहून पहाटे निघून वर्ध्याची वाट धरावी. दोन्ही हातांस काळी कपाशीची जमीन, बांधांवर बाभळी, फाल्गुनात मधूनच पेटल्यासारखा दिसणारा पळस, आणि चाकांच्या मंद घरघरीवाचून दुसरा आवाज नाही. अशा मुलखास युरोपातील युद्धाशी काय कर्तव्य असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथील पऱ्हाटीचे नाते दूरदेशीच्या गिरण्यांशी जडलेले होते. हिंदुस्थानातील आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे फार मोठे गिऱ्हाईक. जुलै १९४१ मध्ये जपानशी चालणारा व्यापार गोठविण्यात आला, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्याचे एक मोठे गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले. पुढे १९४३ मध्ये कापडाची टंचाई इतकी वाढली, की सरकारला ठराविक प्रतीचे स्वस्त कापड काढावे लागले. ज्या प्रदेशात कापूस पिकतो, तेथेच अंगावरच्या वस्त्राची चिंता उत्पन्न व्हावी, ही युद्धाची थट्टाच म्हणावयाची.

खुद्द सायकलीनेही त्या काळात दोन भिन्न रूपे धारण केली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या, आणि त्यांतील हजारो शिपाई सायकलींवरून रबराच्या मळ्यांतून दक्षिणेकडे धावले. धावा फाटल्या तर ते नुसत्या लोखंडी कड्यांवर सायकली हाकीत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. या धसक्याने सरकारने बंगालच्या किनारपट्टीवर होड्या ताब्यात घेतल्या, आणि काही भागांत सायकलीही काढून नेल्या. शत्रूच्या हाती काही लागू नये, हा त्यामागील हेतू. इकडे १९४१ पासून पेट्रोल मोजून मिळू लागले होते आणि मोटारी कोळशाच्या वायूवर कशाबशा चालत होत्या. अशा दिवसांत सायकल हे साध्या माणसाचे स्वातंत्र्यच होते.

वर्ध्यास पोचल्यावर बजाजवाडीपाशी उतरावे. जमनालाल बजाज यांच्या आतिथ्यामुळे हे गाव काँग्रेस कार्यकारिणीचे जणू दुसरे घर झाले होते. युद्ध पुकारले गेले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, कार्यकारिणी वर्ध्यास बसली आणि तिने सरकारला विचारले, की हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर हिंदुस्थानच्या लोकशाहीचे काय? जून १९४० मध्ये, पॅरिस जर्मनांच्या हाती पडल्यावर, ती पुन्हा येथेच जमली. देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत गांधीजींच्या अहिंसेबरोबर शेवटपर्यंत जाणे आपणास शक्य नाही, असे तिने स्पष्ट सांगितले आणि त्यांना जबाबदारीतून मोकळे केले. १४ जुलै १९४२ रोजी ब्रिटिशांनी सत्ता सोडावी, हा ठराव येथेच झाला. मात्र त्याच ठरावात, जपानला तोंड देण्यासाठी दोस्तांच्या फौजा या भूमीवर राहण्यास संमतीही होती. ‘चले जाव’ हे दोन शब्द सर्वांच्या स्मरणात आहेत. ही संमती बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे.

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, महादेव कुटी ही मातीची व बांबूची घरे पाहण्यास पाव तास पुरतो; समजण्यास तेवढा पुरत नाही. २४ डिसेंबर १९४० रोजी गांधीजींनी येथून हिटलरला पत्र लिहिले. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहत असे. जपान युद्धात उतरताच पोलीस त्यास घेऊन गेले. शत्रुराष्ट्राचा माणूस गेला. परंतु त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत तसाच राहिला. ज्या वर्षी साऱ्या जगात शत्रूची भाषाही अपवित्र मानली जात होती, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. ऑगस्ट १९४२ च्या आरंभी गांधीजी येथून मुंबईस गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये ते परतले तेव्हा महादेवभाई आणि कस्तुरबा ही दोघे पुण्यास आगाखान महालात, बंदिवासातच, निवर्तली होती. बा कुटीचे रिकामे अंगण हे या जिल्ह्यातील युद्धस्मारकच समजावे.

नागपूरच्या रस्त्यास लागले म्हणजे धाम नदीच्या काठी पवनार लागते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. माणसे किंवा पैसा देऊन या युद्धास साहाय्य करणे अयोग्य आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. सभेची आरास नाही, की वाहनांचा ताफा नाही. ते गावोगाव पायी बोलत गेले, आणि २१ ऑक्टोबरला देवळी येथे त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. पवनारहून वर्ध्यावरून देवळीपर्यंत सायकल हाकणाऱ्यास दुपारपर्यंत मांड्या भरून आल्या, म्हणजे त्या चार दिवसांच्या पदयात्रेचा अर्थ पुस्तकाहून अधिक कळतो. साम्राज्याला दिलेले ते आव्हान माणसाच्या पावलाच्या वेगाने चालत होते.

तथापि ही कथा येथेच संपविली, तर ती अर्धीच होईल. जिल्ह्याच्या उत्तर टोकास आष्टी आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यास जमाव गेला. गोळीबार झाला, जमावही खवळला, आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथेही रक्त सांडले, आणि त्यानंतर आलेल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी उठल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी उपवास आरंभिला. उपाशी पोटी ते चिमूरची वाट पायी चालू लागले. पोलिसांनी त्यांना परत आणले. त्रेसष्ट दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी, तो उपवास सुटला. आष्टीच्या ठाण्यापुढे जो संयम सुटला, त्याचे मोल सेवाग्रामच्या एका माणसाने आपल्या देहावर घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही.

देवळीच्या पुढे त्याच रस्त्यावर पुलगाव आहे. तेथे लष्कराचे फार मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत तेथील अनेक जवानांनी प्राण गमावले. जेथे युद्धास नकार दिला म्हणून माणूस पकडला गेला ते देवळी, आणि जेथे स्वतंत्र राष्ट्र आपला दारूगोळा साठविते ते पुलगाव, ही एकाच रस्त्यावरची शेजारची गावे. यांपैकी एकाकडे आदराने पाहावे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, हे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. १९४० च्या जूनमध्ये वर्ध्याच्या त्या बैठकीत जो मतभेद प्रकट झाला, तोच येथे भूगोलाच्या रूपाने दिसतो.

यात्रेकरू बहुधा मोटारीतून येतो, कुटीपुढे हात जोडतो, पवनारचे दर्शन घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्यास श्रद्धा लाभते. परंतु स्थळास स्थळ जोडणारी वाट त्याच्या हातून निसटते. बजाजवाडीतील वाद, जपानी भिक्षूचा मंत्र, आष्टीचा क्षोभ, भन्साळींचे उपवासाने थकलेले पाय आणि अल्लीपूरच्या शेतकऱ्याची न खपलेली गाठ, या साऱ्यांना एकत्र गुंफणारा दोरा त्या वाटाच होत. शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी हिवाळ्याच्या सुटीत मुलांस सायकलींवर बसवून या वाटांनी एकदा अवश्य न्यावे. युद्ध कसे जिंकले गेले, हे शिकविणारी स्थळे जगात पुष्कळ आहेत. युद्ध चालू असताना माणसाने आपल्या विवेकाशी कसे भांडावे, हे शिकविणारी स्थळे थोडी, आणि त्यांतील काही दोन दिवसांच्या सायकलफेरीत पाहता येतात.