ग्रीकांचें स्वस्त मद्य

ग्रीकांच्या मद्याविषयीं आपण जें वाचतों तें बहुतेक श्रीमंतांच्या जिभेनें सांगितलेलें असतें. खिऑस, लेस्बॉस, थासॉस या बेटांच्या मद्यांची थोरवी कवींनीं गाइली. पण तीं परवडत कोणाला होतीं? प्लुटार्कनें एक गोष्ट दिली आहे. अथेन्समध्यें महागाई फार, खिऑसच्या मद्याला एक मिना, म्हणजे शंभर द्राख्मे, पडतात, अशी एका मित्रानें तक्रार केली. तेव्हां सॉक्रेटिसानें त्याला पिठाच्या व ऑलिव्हच्या बाजारांत नेऊन स्वस्ताई दाखविली. गोष्ट बोधपर खरी. पण स्वस्त मद्याच्या दुकानीं मात्र त्यानें मित्राला नेलें नाहीं, याची मला नेहमीं चुटपुट लागते.

त्या दुकानाच्या खुणा दगडांत व खापरांत शोधाव्या लागतात. इ. स. पू. पांचव्या शतकाच्या अखेरीचा थासॉसचा एक शिलालेख आहे. मद्यांत पाणी मिसळूं नये, मोठ्या कुंभांतून मापामापानें किरकोळ विकूं नये, ठराविक महिना लागण्यापूर्वीं वेलीवरच्या द्राक्षांचा सौदा करूं नये, असे त्यांत निर्बंध आहेत. वाचणाऱ्यास वाटावें, काय हा गिऱ्हाइकाचा कळवळा! परंतु थासॉसच्या नौकांनीं ॲथॉसपासून पुढच्या किनाऱ्यावर परकें मद्य उतरवूं नये, हेंही कलम तेथेंच आहे. तें वाचलें म्हणजे कळवळा कोणाचा होता तें समजतें.

ऱ्होड्सच्या मद्याला असा दिमाख नव्हता. तें साधें, व जहाजें भरभरून जाणारें. त्याच्या कुंभांत सुमारें 26 लिटर मद्य मावे. कानांवर त्या वर्षाच्या सूर्यपुजाऱ्याचें नांव, महिना व कुंभ घडविणाऱ्याचें नांव असे शिक्के असत. अलेक्झांड्रियाच्या भूमींतून असे हजारों कान निघाले. कवी ज्याविषयीं गप्प राहिले तें लोक काय पीत होते, हें हे फुटके कान सांगतात.

आणि चवीचें म्हणाल, तर खुद्द ॲरिस्टॉटलची साक्ष आहे. इ. स. पू. 322 मध्यें तो वारला. मरणापूर्वीं शिष्यांनीं उत्तराधिकारी विचारला, तेव्हां त्यानें ऱ्होड्सचें व लेस्बॉसचें मद्य मागवून दोन्ही चाखलीं, दोन्ही वाखाणलीं आणि लेस्बॉसचें अधिक गोड ठरविलें. लेस्बॉसचा थिओफ्रास्टस निवडला गेला, ऱ्होड्सचा युडेमस मागें राहिला. ही कथा गेलियसनें सुमारें पांचशें वर्षांनीं लिहिली, म्हणून ती शब्दशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण ऱ्होड्सचें मद्य तिनें लेस्बॉसच्या पंक्तीस बसविलें, एवढें माझ्या कामाचें. मी स्वतः मद्याचा थेंबही चाखलेला नाहीं. याहून अधिक मला विचारूं नये.

कॉस बेटाचें मद्यही असेंच सर्वसामान्यांचें. त्यांत समुद्राचें पाणी घालीत. रोमन केटोनें तर तें घरीं बनविण्याची कृतीच दिली आहे: वारा पडलेला असतां खोल समुद्राचें पाणी आणावें, तेंही द्राक्षें खुडण्याच्या सत्तर दिवस आधीं. नकलेचा एवढा खटाटोप वाईट मालासाठीं कोणी करीत नाहीं.

पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू येथें 1945 सालीं व्हीलर यांनीं उत्खनन केलें. तेथें कॉसच्या घाटाच्या कुंभांचीं खापरें मिळालीं आहेत. हा घाट इटलीतल्या कुंभारांनींही उचलला होता. म्हणून तें मद्य अस्सल कॉसचें कीं इटलीतलें, हें आकारावरून सांगतां येत नाहीं. खापराची माती भिंगाखालीं धरावी लागते.