पहारेकऱ्याला कमी दिसावं म्हणून

गेममधल्या शत्रूला खेळाडू शोधावा लागत नाही. खेळाडूच्या जागेचे दोन आकडे त्याच मेमरीत पडलेले असतात. मागितले की मिळतात. त्यामुळे पहारेकऱ्याला डोळे देणं हे प्रोग्रॅमरचं काम नाहीच. जो सगळं जाणतो त्याला मोजूनमापून अडाणी करणं, हे काम. आंधळी कोशिंबिरीत ज्याच्यावर राज्य येतं त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधतात. तसा रुमाल बांधायचा आणि मग फट किती ठेवायची यावर डोकं खपवायचं. चालण्याचं कूळ मात्र वेगळं. ते आलं रोबोंच्या प्रयोगशाळेतून, जिथे यंत्राला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. आज एखादी मुलगी घरच्या लॅपटॉपवर एकटीने गेम बनवते तेव्हा तिच्या पहारेकऱ्याच्या पन्नास-साठ ओळींच्या कोडमध्ये ही दोन्ही घराणी शेजारी नांदत असतात.

१९८० चा पॅक-मॅन घ्या. नामको कंपनीच्या तोरु इवातानींच्या या गेममधली चार भुतं पाहत नाहीतच. प्रत्येकाला चक्रव्यूहातली एक चौकट लक्ष्य म्हणून दिलेली असते. लाल भुताचं लक्ष्य पॅक-मॅन उभा असलेली चौकट. गुलाबी भुताचं, तो ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे चार चौकटी पुढची. नारिंगी भूत आठ चौकटींपेक्षा लांब असलं तर पाठलाग करतं, जवळ आलं की स्वतःच्या कोपऱ्याकडे वळतं. प्रत्येक नाक्यावर भूत एवढंच बघतं की कुठल्या वाटेची पुढची चौकट लक्ष्याला सरळ रेषेत सर्वांत जवळ आहे. मध्ये भिंत असली तरी त्याला फिकीर नाही, आणि सहसा उलटं फिरायची परवानगी नाही. चौघांना सगळं ठाऊक आहे, पण अक्कल एका नाक्यापुरती. तरी खेळणाऱ्याला वाटतं की चौघांनी मिळून कट केला आहे. इतक्या कमी नियमांतून इतका संशय पैदा करणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या म्यूझ सॉफ्टवेअरमधून सायलस वॉर्नरचा ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ ॲपल टू संगणकावर आला. किल्ल्यातून निसटायचं, जमलं तर लढाई टाळूनच. सापडलेला जर्मन गणवेश चढवला तर साधे पहारेकरी फसतात, नाझींच्या एसएस दलाचे जवान फसत नाहीत. म्हणजे पाहणं आणि ओळखणं या दोन गोष्टी १९८१ मध्येच वेगळ्या झाल्या होत्या.

नजरेला दिशा देण्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण जपानकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमांकडे एमएसएक्स-टू या घरगुती संगणकासाठी युद्धाचा गेम करायचं काम आलं. अडचण अशी की त्या यंत्रावर पडद्याच्या एका आडव्या ओळीत जेमतेम आठ स्प्राइट, म्हणजे हलती चित्रं, दिसत. शत्रू, त्यांच्या गोळ्या आणि आपला सैनिक असा सगळा जमाव एकदम दाखवणं अवघड. कोजिमांनी लढाईच उलटी केली: शत्रू थोडे, आणि त्यांच्या नजरेला पडायचं नाही. १९८७ च्या ‘मेटल गिअर’मधले पहारेकरी तोंड असेल त्या दिशेला नाकासमोर, सरळ रेषेतच पाहतात. एक पाऊल बाजूला सरकलं की तुम्ही त्यांच्या लेखी नाहीसे. हास्यास्पद वाटतं, पण खेळाडूला नियम लगेच कळतो, आणि कळलेल्या नियमाभोवतीच डाव रचता येतो. १९९० च्या दुसऱ्या भागात पहारेकरी मान वळवू लागले, ४५ अंशांच्या पट्ट्यात पाहू लागले, आवाजाला कान देऊ लागले, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर पाठलाग करू लागले.

रेषेचा शंकू झाला तो इथे. त्यामागचं गणित मात्र शंभर वर्षं जुनं होतं. येल विद्यापीठातले जोसाया विलर्ड गिब्ज यांनी विद्यार्थ्यांसाठी १८८१ आणि १८८४ मध्ये खासगीरीत्या छापलेल्या पुस्तिकेत सदिशांचा जो हिशोब मांडला, त्यातला अदिश गुणाकार, म्हणजे डॉट प्रॉडक्ट, हाच पहारेकऱ्याचा डोळा. पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा हा एक सदिश, त्याच्यापासून खेळाडूपर्यंतचा दुसरा. दोघांची लांबी एक करून गुणाकार केला की मधल्या कोनाचा कोसाइन हातात येतो. शंकू ६० अंशांचा हवा असेल तर निम्मा कोन ३०, त्याचा कोसाइन साधारण ०.८६६. गुणाकार त्याहून मोठा आला की खेळाडू शंकूत. शून्याहून मोठा आला तर नुसतं एवढंच कळतं की तो पुढे आहे, मागे नाही.

आणि ‘पुढे की मागे’ एवढ्यावरच १९९३ चा ‘डूम’ निभावून नेतो, जरी त्याची कोन काढण्याची रीत वेगळी आहे. १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, त्यामुळे इथे अंदाज बांधावा लागत नाही. डूममधल्या राक्षसाला समोरचं अर्धवर्तुळ दिसतं. पाठीमागून येणारा ६४ एककांच्या आत, म्हणजे हाताच्या टप्प्यात आला तरच दखल. मध्ये भिंत आहे का हे तपासणं त्या काळच्या यंत्राला महाग पडे, म्हणून नकाशा तयार करतानाच एक तक्ता बनवून ठेवत: कुठल्या विभागातून कुठला विभाग दिसणं शक्यच नाही, प्रत्येक जोडीला एक बिट. तक्त्यात ‘अशक्य’ असेल तर पुढची तपासणी नाहीच. बंदुकीचा आवाज वेगळ्याच रस्त्याने जातो. तो एका विभागातून शेजारच्या विभागात पाण्यासारखा पसरतो आणि आवाज अडवणाऱ्या दोन रेषा लागल्या की थांबतो. पण एकदा जागा झाला की हा राक्षस पुन्हा सर्वज्ञ. पाठलागाचा कोड थेट तुमचे आकडे वाचतो, तुम्ही कितीही भिंतींआड असा. रुमाल फक्त पहिल्या नजरेपुरता.

१९९८ साल या इतिहासात फारच दाटीचं आहे. माद्रिदच्या पायरो स्टुडिओजच्या ‘कमांडोज’ने शत्रूची नजर जमिनीवर हिरव्या पट्ट्यात रंगवून दाखवली: जवळचा भाग उजळ, लांबचा गडद, आणि गडद भागातून सरपटत गेलं तर दिसत नाही. ‘मेटल गिअर सॉलिड’ने तेच शंकू कोपऱ्यातल्या रडारवर नेले. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या ‘थीफ’ने मात्र शत्रूची नजर कुठेही काढली नाही. तुम्ही किती उजेडात आहात एवढं सांगणारा एक खडा पडद्याच्या तळाशी, बस. पहारेकऱ्याच्या मनात काय चाललंय ते तो स्वतः बडबडून सांगतो. आत मात्र पुष्कळ यंत्रणा होती. त्यावर काम केलेल्या टॉम लिओनर्ड यांनी नंतर ती लिहून मांडली: पहारेकऱ्याला एक नाही, अनेक शंकू. नाकासमोरचा अरुंद आणि तीक्ष्ण, कडेचे रुंद पण मंद, शिवाय पाठीमागे एक आखूड. कोणी अगदी मागे येऊन उभं राहिलं की मानेवर काटा येतो ना, तो. दिसणं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं राहिलं नाही, संशयाच्या पायऱ्या झाल्या.

त्यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती अशी की खेळाडू नजरेआड झाल्यावरही थोडा वेळ त्याची खरी जागा पहारेकऱ्याला फुकट पुरवली जाते. तर्काने शोधतोय असं भासावं म्हणून! रुमाल बांधल्यावर मुद्दाम क्षणभर उचलायचा. ही लबाडी आहे, आणि ती नसली की पहारेकरी बुद्दू वाटतो.

एकट्याने गेम करणाऱ्यांनी पुढे उचलली ती जास्त करून ‘कमांडोज’ची रीत. रंगवलेला शंकू काढायला सोपा, आणि खेळाडूला तक्रारीला जागा उरत नाही. माझं मन ‘थीफ’कडे आहे, पण वरून दिसणाऱ्या द्विमितीय गेममध्ये तो हट्ट परवडत नाही, हे मान्य करायला हवं. क्ले एंटरटेनमेंटच्या ‘मार्क ऑफ द निंजा’ने २०१२ मध्ये याच वाटेने जाऊन आवाजही वर्तुळं काढून दाखवला.

आता चालण्याचं घराणं. डूमचा राक्षस रस्ता शोधत नाही. आठ दिशांपैकी तुमच्याकडे जाणारी दिशा निवडतो, अडला तर दुसरी, नाहीतर तिसरी, सगळंच बंद तर माघारी. रस्ता शोधण्याची रीत त्याच्या पंचवीस वर्षं आधी सापडलेली होती, पण राक्षसांसाठी नव्हे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शेकी नावाचा, चालताना थरथरणारा रोबो होता. त्याला खोल्यांतून ठोकळे चुकवत नेण्याच्या प्रयत्नात पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी १९६८ मध्ये ए-स्टार ही पद्धत मांडली. आतापर्यंत चाललेलं अंतर अधिक उरलेल्या अंतराचा अंदाज, ही बेरीज जिथे सर्वांत कमी तिथून पुढे शोधायचं. आज बहुतेक गेम इंजिनांत ती तयार मिळते. त्यावरची लय क्रेग रेनल्ड्सची. त्याने १९८७ मध्ये पक्ष्यांचा थवा तीन नियमांत बसवला आणि १९९९ मध्ये गेमवाल्यांसाठी चालण्याच्या सवयी वेगवेगळ्या करून मांडल्या: लक्ष्याकडे जाणं, पळणं, भटकणं, जवळ आल्यावर वेग कमी करणं. ही शेवटची सवय नसली की पहारेकरी आपल्या जागेवर पोचून तिथल्या तिथे थडथडत राहतो.

१९९९ मध्येच नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी ॲनिमो नावाचं एक छोटं साधन प्रसिद्ध केलं. त्याचाच पुढे गेममेकर झाला, ज्यात ‘हॉटलाइन मायामी’सारखे गेम बनले. ओव्हरमार्स हे काही हौशी गेमवाले नव्हते. संगणकीय भूमितीच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक. त्यातलं एक प्रकरण चित्रदालनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर नजर राहावी म्हणून किती पहारेकरी लागतील या प्रश्नावर आहे. रोबोंच्या मार्गनियोजनाची १९९६ ची एक गाजलेली पद्धतही त्यांच्यासह चौघांची. गेममेकरमध्ये शत्रूला वाट काढून देणाऱ्या आज्ञांची नावं ‘एमपी’ने सुरू होतात, म्हणजे मोशन प्लॅनिंग. चौदा वर्षांचं पोर पहिला गेम करताना जी आज्ञा टाइप करतं ती रोबो संशोधकाच्या टेबलावरून आलेली असते. नजरेसाठी त्यात दोन बिंदूंमधल्या रेषेत काही आडवं येतंय का एवढं विचारणारी एकच आज्ञा पुरते.

अर्जेंटिनात हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी बनवलेलं गोडो इंजिन २०१४ मध्ये खुलं झालं. त्यात पहारेकरी उभा करण्याचा रिवाज असा: शंकूच्या आकाराचा एक एरिया, कोणी आत शिरलं की सिग्नल, मग खेळाडूपर्यंत एक किरण, वाटेत भिंत लागली तर दिसलं नाही. अंतर स्वस्त, कोन त्याहून जरा महाग, किरण सर्वांत महाग, म्हणून तो शेवटी. नवख्याचा पहारेकरी इथे एका ठरावीक जागी फसतो. सिग्नल आत शिरताना एकदाच येतो. त्या क्षणी खेळाडू भिंतीआड असेल तर किरण ‘नाही’ म्हणतो, आणि नंतर खेळाडू शंकूच्या आतच भिंतीमागून बाहेर येऊन नाचला तरी पुन्हा कोणी विचारत नाही. किरण प्रत्येक फ्रेमला टाकावा लागतो, निदान खेळाडू शंकूत असेपर्यंत.

दोन पहारेकरी बोळात समोरासमोर आले की दोघं एकाच बाजूला सरकतात, मग दोघं दुसऱ्या बाजूला, असा गोंधळ होतो. यावर युर फान डेन बेर्ख, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी २००८ मध्ये उपाय दिला: टाळण्याची जबाबदारी दोघांनी निम्मी-निम्मी घ्यायची. गोडोमध्ये त्याच घराण्यातली आरव्हीओ-टू ही लायब्ररी वापरली आहे. फान डेन बेर्ख यांची पीएचडी उट्रेख्टची, मार्गदर्शक ओव्हरमार्स. गोडोमध्ये ही सोय मुळात बंद असते, एका खुणेने चालू होते. चालू केल्यावर पहारेकरी एकमेकांना शहाण्यासारखे वाट देतात आणि देता देता भिंतीत घुसायला बघतात, कारण त्या हिशोबात भिंत धरलेली नसते. ती वेगळी सांगावी लागते.